तळहातावरचा घोट

वलगावच्या मैनाबाईला औषधाची गोडी आहे, असं गावातले टवाळ म्हणत. म्हणणारच! पेढी नदीच्या दोन्ही काठांवर जेवढ्या म्हणून बाळंतिणी झाल्या, त्या सगळ्यांचा काढा आधी मैनाबाईच्या पोटात गेलेला. सुंठीचा गेला, शेपेचा गेला, तापकऱ्यांसाठी उकळलेला काडेचिराईत गेला. स्वतः चाखल्याशिवाय तिनं एकाही आजाऱ्याला काही दिलं नाही. गडव्यातून बारीक धार तळहातावर घ्यायची, आजाऱ्याच्या डोळ्यांदेखत भुरकायची, पदरानं ओठ पुसायचे आणि म्हणायचं, "हं, आता तू घे वं." गडव्याला तोंड लावायची नाही, त्यामुळे उष्ट्या-खरकट्याचा वाद नाही. अमरावतीच्या एका सोवळ्या घरानंही तिची ही तऱ्हा चालवून घेतली होती.

तिला सुईण म्हणा, दाई म्हणा, काहीही म्हणा. पण नाळ कापली, खण-नारळ पदरात घेतला आणि चालली आपल्या घरी, अशातली ती नव्हती. बारा दिवस आजाऱ्याच्या उशाशी बसायची. अंग चोळायचं, शेक द्यायचा, ताप आला तर कपाळावर ओली पट्टी, झोप नाही आली तर गावभरच्या चहाड्या. जातीनं कुणबी, ऐन तिशीत विधवा झालेली, उंचीला बेताची आणि आवाजानं मोठी. तिचा आवाज अंगणात ऐकला की निम्मं दुखणं पळतं, असं बायका म्हणायच्या.

हे घोट घेणं सुरू कसं झालं, तेही सांगतो. तिची पहिलीच आजारी म्हणजे सोळा-सतरा वर्षांची एक दुसरेपणावर दिलेली पोर. आधीची बायको त्याच घरात, त्याच खोलीत औषध पिता पिता गेली, असं कोणीतरी तिच्या कानात भरवलेलं. पोरीनं दात जे आवळले, ते उघडेनात. सासू ओरडली, नवरा ओरडला. मैनाबाईनं काढा तळहातावर ओतला, पिऊन टाकला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. घटकाभरानं म्हणाली, "पाय, मेली का मी?" पोरगी हसली. हसायला तोंड उघडलं, तोच वाटी लावली. तेव्हापासून तो नेमच पडला. बाया घरच्यांवर विश्वास ठेवोत न ठेवोत, मैनामायच्या तळहातावर ठेवायच्या.

आता तिच्या दुखऱ्या जागेबद्दल बोलतो. तिला एकच मुलगा होता, भगवंत. साता समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांनी आमच्या वऱ्हाडाकडं तोंड वळवलं, ते दिवस. काय दिवस होते बाप्पा! ज्याच्याकडं दोन बैल, तो गाडीवान झाला. रेल तेव्हा खानदेशापर्यंतच आलेली. वऱ्हाडचा सगळा कापूस गाड्यांत भरून तिथवर न्यायचा. अठराशे त्रेसष्टच्या माघात भगवंतही निघाला. बावीस वर्षांचा गडी, मिसरूड नीट फुटलेलं नाही, आणि ऐट मात्र अशी की जणू लग्नाच्या वरातीला चालला.

"काहून जाऊन राह्यला रे? खायाले कमी हाय का आपल्याले?" मैनाबाई म्हणाली.

"मले रेल पाह्याची हाय, माय. लोखंडाचा बैल म्हणते लोक. एकदा पाह्यतो आन् येतो," तो म्हणाला.

तिनं दशम्या बांधून दिल्या. वेशीपर्यंत गेली. गाडी वळली तेव्हा त्यानं ओरडून सांगितलं, "माय, चवथ्या गाडीची घागरमाळ आपली. आवाज आला का समजजो, मी आलो!"

ज्येष्ठात गाड्या परतल्या. चौथी गाडीही आली, बैलही आले, घागरमाळही आली. हाकायला मात्र दुसराच कोणी होता. भगवंत तिकडंच राहिला म्हणाले. रेलच्या कामावर कोणा मुकादमाशी बोलताना दिसला होता. "दिवाईले येतो म्हणून सांग मायले" असा निरोप. दिवाळी आली. तो आला नाही.

तेव्हा मैनाबाईनं सोमवार धरला. साधासुधा उपास नव्हे, दिवस बुडेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिचा हिशेब असा, की आपण जो घास सोडला तो महादेव वाया जाऊ देत नाही. तो भगवंताच्या तोंडी जातो. ज्या दिवशी आपण चोरून घोटभर पाणी प्यायलो, त्या दिवशी पोरगं कुठंतरी उपाशी निजलं. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. ज्याचं लेकरू वाटेवर हरवलं आहे, त्यानं मात्र हसून दाखवावं.

त्याच मार्गशीर्षात वलगावच्या खुशालरावाच्या घरी पार्वता बाळंत झाली. पहिलटकरीण, अठरा वर्षांची, गोरीपान आणि भित्री. पालीला भ्यायची, सासूला भ्यायची, काळोखाला भ्यायची. सासू दुर्गाबाई तशी मनानं वाईट नव्हती, पण तोंड म्हणजे फटाक्याची माळ. त्यात गुडघे धरलेले, म्हणून दिवसभर बाजेवर बसून ओरडायचं एवढंच काम उरलेलं. पार्वता मैनाबाईला घट्ट धरून होती. वेणा चालू असताना तिनं मैनाबाईचं मनगट असं आवळलं की चार दिवस वळ गेले नाहीत.

"तुमी जासान तं नाई ना, मैनामाय?"

"कुठं जातो वं मी? बारा दिवस तुह्या उरावर बसतो, पाह्यजो."

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पार्वता पाणीसुद्धा मैनाबाईच्या हातूनच पिई. तळहातावरचा घोट पाहिल्याशिवाय वाटी घेत नसे, आणि तो पाहिला की काय आहे हे न विचारता डोळे मिटून पिऊन टाके. मैनाबाईला तिचं ते डोळे मिटणं फार आवडे. लहानपणी भगवंत एरंडेल असंच घ्यायचा.

सातव्या दिवशी सोमवार आला.

त्या वर्षी कापूस वेचायला बाई मिळणं मुश्किल. भाव असा कडाडलेला की घरातलं झाडून सगळं माणूस शेतात. खुशालरावाच्या घरीही तेच. दुपारी घरात तिघीच: बाजेवर दुर्गाबाई, खोलीत पार्वता आणि दोघींचं करायला मैनाबाई. चुलीवर एका गडव्यात पार्वताचा काढा. शेजारी वैलावर तसल्याच दुसऱ्या गडव्यात दुर्गाबाईच्या गुडघ्यांना शेकायचं पाणी, धोत्र्याची पानं उकळून गाळलेलं. धोत्रा म्हणजे विष, हे मैनाबाईला काय कोणी शिकवायला हवं होतं? म्हणून तर काढ्याच्या गडव्यावर ती नेहमी झाकण ठेवी. झाकण असेल तो पोटात, नसेल तो गुडघ्यांवर.

काढा गाळला. झाकण हातात घेतलं. आणि बाहेर घागरमाळा वाजल्या.

झाकण हातात तसंच, ती रस्त्यावर धावली. तांडा अमरावतीकडं चालला होता. पहिली गाडी गेली, दुसरी, तिसरी. चौथ्या गाडीला ती जवळजवळ बिलगलीच. गाडीवान दाढीवाला, परक्या मुलखातला. "नाई माय, आमाले नाई मालूम कोन भगवंत," असं म्हणून तो पुढं गेला. धूळ खाली बसेपर्यंत मैनाबाई उभी राहिली. मग रडली. रडत रडतच घरात आली, आतून पार्वतानं "पोटात लय दुखून राह्यलं वो" म्हणून हाक मारली, म्हणून घाईनं हातातलं झाकण समोरच्या गडव्यावर ठेवलं.

कोणत्या, ते तुम्हाला कळलंच.

घटकाभरानं तिनं झाकणाचा गडवा उचलला आणि वाटी भरली. रडून नाक चोंदलेलं, वास कुठला येणार? पार्वता उठून बसली आणि सवयीनं मैनाबाईच्या तळहाताकडं पाहू लागली.

"आज सोमवार हाय, माय," मैनाबाई म्हणाली. "मायावाला उपास हाय. तू घे."

पार्वता क्षणभर थांबली. मग तिनं डोळे मिटले आणि एक मोठा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आज कसंतरीच कडू लागते, मैनामाय."

"औषध कडूच राह्यते. पी गुपचूप."

पार्वता प्यायली. सगळं नाही, निम्मंच. तेवढं पुरलं.

दिवस कलायच्या आत तिचा घसा कोरडा पडला, तोंड लालभडक झालं. डोळ्यांतली बाहुली पसरून सगळा डोळा काळा. जवळ निजलेलं लेकरू तिला ओळखू येईना. गोधडीवरचं काहीतरी चिमटीनं वेचायची आणि ओटीत टाकायची, वेचायची आणि टाकायची. "कापूस उडून चालला," म्हणायची, "वेचा, वेचा." शेतावरून माणसं परतली. दुर्गाबाईनं छाती बडवून घर डोक्यावर घेतलं. "बाहेरचं लागलं माह्या सुनेले! भगताले बोलवा!" भगत आला. त्यानं पाहिलं, मान डोलावली आणि विळा चुलीत तापत घातला. दोन डाग पाठीवर, एक टाळूवर द्यायचे. म्हणे आत शिरलेलं धावत निघेल.

मैनाबाई कोपऱ्यात बसून लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती. तिला काही समजेना. तेवढ्यात दुर्गाबाई मध्येच रडं थांबवून गुडघ्यावरची ओली फडकी नाकाशी नेत करवादली, "आन् आज या पाण्याले शेपेचा वास कायचा येऊन राह्यला?"

मैनाबाईच्या हातातला पाला गळून पडला.

आता नीट ऐका. त्या खोलीत ही गोष्ट तिच्याशिवाय कोणालाही कळली नव्हती. तिनं गप्प बसायचं होतं, बस्स. डाग भगतानं दिले असते, दोन-तीन दिवसांनी विष आपोआप उतरलं असतं, नाव भगताचं झालं असतं. वीस वर्षं जोडलेला तिचा विश्वास जिथल्या तिथं राहिला असता. विळा लाल झाला. पार्वता "वेचा, वेचा" म्हणत हसत होती.

मैनाबाई उठली आणि चुलीसमोर आडवी उभी राहिली. "डाग नोको. कोणी लागलं-बिगलं नाई तिले. म्या धोतऱ्याचं पाणी पाजलं. माह्या हातानं पाजलं. चुकलं माह्यं."

 सगळेच एकदम बोलू लागले. ते काय बोलले ते लिहायच्या लायकीचं नाही. मैनाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. मिठाचं पाणी केलं, पार्वताच्या घशात बोट घालून ओकाऱ्या काढवल्या, डोक्यावर गार पाण्याची धार धरली. एवढं होईपर्यंत दुर्गाबाईनं सहन केलं. मग म्हणाली, "उठ. माह्या घरातून निंघ."

ती निघाली, पण घरी गेली नाही. समोरच्या मारुतीच्या पारावर बसून राहिली. तीन दिवस. आत लेकराला शेळीचं दूध पाजत होते. ते रडलं की ही पारावरून उठे आणि पुन्हा बसे. चौथ्या दिवशी पार्वता शुद्धीवर आल्याचं ऐकलं, तेव्हा दारात जाऊन उभी राहिली. दुर्गाबाई काही बोलायच्या आधी आतून पार्वताच बोलली. आवाज खोल गेलेला.

"मैनामाय, तुमी म्हणलं औषध कडूच राह्यते. तुमाले काय मालूम? तुमी तं घेतलंच नव्हतं."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. त्यापेक्षा तिनं वहाण फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर गावातल्या कोणी मैनाबाईला बोलावलं नाही. शेजारच्या खेड्यांतून बोलावणी येत, तीही थांबली. टवाळसुद्धा गप्प झाले. आता तिच्या औषधाच्या गोडीवर कोणी थट्टा करीना. तिला ती थट्टासुद्धा आठवायची. सकाळी उठल्यावर हात रिकामे, दुपारी रिकामे. कोणाच्या घरी पाळणा बांधला की ती लांबच्या वाटेनं नदीवर जाई, आणि तरी कानात वाटी-चमच्याचा आवाज येई.

नदीवर पार्वता दिसे. कडेवर मुलगी. मुलगी रांगायला लागली ते मैनाबाईनं पलीकडच्या दगडावरून पाहिलं, उभी राहिली ते पाहिलं, पाण्यात पाय आपटून आईला भिजवलं ते पाहिलं. बोलणं मात्र नाही. पार्वता मान खाली घालून लुगडी आपटी. एकदा पोरगी चालत चालत मैनाबाईच्या दगडापाशी आली आणि तिनं दोन्ही हात वर केले. मैनाबाईचे हात आपसूक पुढं झाले. तेवढ्यात पार्वतानं मुलीला उचललं. रागानं नव्हे, हळूच. पण उचललं.

खरं सांगू? भगवंताची वाट पाहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पार्वताची वाट पाहणं पडलं नाही. भगवंत तरी त्याच्या मर्जीनं गेला होता. पार्वताला तिनं स्वतः घालवलं होतं.

सोमवार तेवढा उरला. तो तिनं आणखी कडक केला. आदल्या संध्याकाळीच चूल विझवायची. होता होता बडनेऱ्याला रेल आली. सगळं गाव पाहायला लोटलं, मैनाबाईही पायी गेली. लोखंडाचा बैल फुसफुसत आला, माणसं उतरली. ती एकेकाचं तोंड पाहत डब्यामागून डबा चालत राहिली. रिकामी गाडी पुढं गेली तेव्हा तिला उमगलं, की आता खानदेशाकडं गाड्यांचे तांडे जायचे नाहीत, यायचेही नाहीत. घागरमाळा बंद. कोणाला विचारायचं, तेही माणूस उरलं नाही. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, ज्यानं त्यानं कपाळाला हात लावला. मैनाबाईचं त्यात काही जायचं नव्हतं. तिचं आधीच गेलं होतं.

मुलगी दोन वर्षांची झाल्यावर, पौषात, पार्वताला पुन्हा दिवस भरले. दुर्गाबाईनं अमरावतीहून नावाजलेली दाई आणवली होती. पण वेणा सुरू झाल्या आणि पार्वतानं त्या बाईला अंगाला हात लावू दिला नाही. दाईनं काढा पुढं केला की दात आवळायची. एक रात्र गेली, सकाळ झाली. शेवटी म्हणाली, "मैनामायले बोलवा."

"तिचं नाव काढू नोको या घरात!" दुर्गाबाई किंचाळली. "जीव घेत व्हती तुहा!"

"चूक झाली तिच्याकून," पार्वता दम खात खात म्हणाली. "पण आपल्या तोंडानं सांगतलं तिनं. न सांगती तं हे पाठ डागली असती माही, आन् कोणाले कळलंबी नसतं. मले तेच माणूस पायजे. ते नसन तं कोणीच नोको."

खुशालराव स्वतः बोलवायला गेला. मैनाबाई ओसरीवर बसली होती, नुसतीच. त्यानं दोनच शब्द सांगितले असतील. ती अनवाणी धावत सुटली. वयाची पन्नाशी जवळ आलेली, पण खुशालरावाला तिला गाठता येईना.

खोलीत शिरल्यावर ती उंबऱ्याशीच थबकली. पार्वतानं मान वळवली.  मग पार्वतानं हात लांब केला आणि मैनाबाईचं मनगट आवळलं, पहिल्यासारखंच. मैनाबाई रडली ती तिथंच, आणि रडत रडतच बाह्या सावरून कामाला लागली.

दुपारच्या सुमारास मुलगा झाला. अवघड होतं, पण झालं. दाईला अमरावतीच्या वाटेला लावलं, लेकराला न्हाऊ घातलं. पार्वताला मात्र हुडहुडी भरली. दात वाजू लागले. काढा द्यायलाच हवा होता, आणि तोही आताच. मैनाबाईनं चुलीवर दुसरं काही ठेवूच दिलं नाही. एकच गडवा, त्यात सुंठ, शेपा, गूळ. गाळून आणला. दुर्गाबाई काठीच्या आधारानं दारात येऊन उभी राहिली आणि डोळे फाडून पाहू लागली.

मैनाबाईनं गडवा उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला.

सोमवार होता. सकाळपासून धावपळीत तिनं पाण्याला स्पर्श केलेला नव्हता. सव्वादोन वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. तापानं फणफणली तेव्हाही नाही. तेवढा एकच धागा तिच्याकडून तिकडं गेलेला होता. तो कुठं बांधलेला आहे, बांधलेला तरी आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. दिवस बुडायला अजून अर्धा दिवस बाकी. पोरगं कुठं असेल? आत्ता, या घटकेला, कोणाच्या तरी दारात उभं असेल आणि कोणीतरी भाकरी पुढं करत असेल. हिनं घोट घेतला आणि ती भाकरी मागं गेली तर?

पार्वतानं तिचं तोंड पाहिलं. बोटांवर वार मोजले असावेत.

"आज सोमवार हाय, मैनामाय," ती कापत कापत म्हणाली. "राहू द्या तुमी. मी पितो तशीच." आणि तिनं वाटीसाठी हात पुढं केला. डोळेसुद्धा मिटून घेतले.

मैनाबाईनं ते मिटलेले डोळे पाहिले. तिनं गडवा तिरपा केला. धार तळहातावर घेतली. थोडं मनगटावरून ओघळलं. तिनं ओंजळ तोंडाला लावली आणि प्यायली. सगळं प्यायली, बोटं चाटली.

"डोये उघड वं पारू," ती म्हणाली. "उघडून पाय. घेतला म्या."

पार्वतानं डोळे उघडले.

"कडू हाय," मैनाबाई म्हणाली. "सुंठ जराशी जास्त पडली. बाकी चांगला हाय. पी आता."

पार्वता प्यायली. निम्मा नाही, सगळा. थोड्या वेळानं हुडहुडी थांबली आणि ती झोपी गेली, मनगट हातात तसंच धरून.

 दारातली दुर्गाबाई काठी टेकत आत गेली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून तिनं स्वतः ताट वाढलं. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. मैनाबाईसमोर ठेवून म्हणाली, "जेव. मोडला ना उपास, आता उपाशी राहून काय करतं?"

मैनाबाईनं आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. हात धुतले. दोन वर्षांची ती मुलगी येऊन तिच्या मांडीला टेकून बसली, तिला कोणी उचललं नाही. मैनाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तसाच हातात धरून ती बराच वेळ बसली. वरण थेंब थेंब ताटात गळत होतं.

"जेवला असशीन ना रे बाप्पा," ती हळूच म्हणाली, आणि तिनं घास तोंडात घातला.